करंटचा हौद

चुलतभाऊ मृत्युंजयने तो व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला. हैदराबादच्या परिषदेतलं माझं भाषण. पडद्यावर अप्पांच्या वहीचं पान, मी इंग्रजीत काहीतरी बोलते आणि अख्खा हॉल हसतो. खाली मृत्युंजयने लिहिलं होतं, 'काकांची वही जगात पोचली!' त्याचं काय जातंय. सगळ्यांनी अंगठे दाखवले, अप्पांनी काहीच नाही. आईला फोन केला तर म्हणाली, "तीनदा बघितलेत. बोलले न्हाईत काई. तूच बघ आता."

अप्पांना इंग्रजी येत नाही. हसणं मात्र कुठल्याही भाषेत कळतं. बापाचं परक्या लोकांपुढे हसं करणारी मुलगी, असं त्यांना वाटलं असेल तर मी काय तोंड दाखवणार? सुट्टी टाकली आणि हैदराबादहून उदगीरमार्गे गावी, अहमदपूरला निघाले.

बसमध्ये डोळ्यापुढे दुकानच येत होतं. स्टँडच्या मागे अप्पांचं दुरुस्तीचं दुकान. मी पाचवीत होते तेव्हा गावात आठ-दहा तास लोडशेडिंग असायचं आणि घरोघरी चिनी इमर्जन्सी लाइट आले होते. ते बिघडले की अप्पांकडे. खोक्यात घडी घातलेला एक कागद निघायचा, सगळा चिनी. दुसऱ्या कुणी तो चुलीत घातला असता. अप्पा तो हाताने सरळ करायचे आणि मला हाक मारायचे, "ये माय, चीन वाचू."

दुपारी गिऱ्हाईक नसायचं. वर पत्रा तापलेला, खाली आम्ही दोघं मांडी घालून कागदांवर वाकलेले. चौकट, मधोमध रेघ आणि खाली शेपूट, ही खूण लाइटच्या प्रत्येक कागदावर होती. म्हणून ती करंट. कूलरच्या पंपाच्या कागदावर एका अक्षराच्या डाव्या कडेला तीन थेंब होते. म्हणून थेंब म्हणजे पाणी. एवढ्या भांडवलावर आमचं चिनी चाललं होतं. मग बॅटरीपाशी घोडं अडलं. तिच्या चित्राखाली शेपटीवाल्या चौकटीशेजारी तीन थेंबांचं अक्षर. करंट आणि पाणी? "अप्पा, छापणाऱ्यानं चुकवलंय," मी मोठ्या ऐटीत म्हटलं. अप्पा दोन दिवस विचारात. तिसऱ्या दिवशी भाकरी मोडता मोडता एकदम ओरडले, "हौद! पाणी साठवायला हौद आसतंय का न्हाई? तसं हे करंटचा हौद!" मी पोट धरून हसले, तेही हसले, आणि उष्ट्या हाताने त्यांनी ते आमच्या चिनी खुणांच्या वहीत लिहून टाकलं. तशा दुपारी मला पुढे कुठल्याच शहरात मिळाल्या नाहीत.

हैदराबादला मी खरं चिनी शिकले आणि त्यातच संशोधन धरलं. चिनी लिहिताना दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, आणि बरेचसे शब्द दोन अक्षरं जोडून झालेले. असा शब्द वाचताना मेंदू काय करतो? दोन्ही अक्षरं सुटी ओळखून मग जोडतो, की अख्खा शब्द एका घासात गिळतो? आपण 'पाणपोई' वाचताना कुठे पाणी वेगळं काढतो? माणसांच्या डोक्यावर मेंदूतल्या लहरी टिपणारी तारांची टोपी घालून, पडद्यावर शब्द दाखवून आम्ही हेच बघत बसतो. ओळखीचा शब्द बहुतेक एका घासात जातो, नवा आला की मेंदू त्याचे तुकडे करून बघतो, असं निदान आमच्या प्रयोगात तरी दिसतंय. अप्पांनी हे सगळं टोपीबिपी न घालता केलं होतं. भाषणात मी तेच सांगायला गेले आणि सांगता सांगता हॉलला हसवून बसले.

दुकानात अप्पा फवारणीचा पंप उघडून बसले होते. मला बघून म्हणाले, "आलीस? मधीच कशी?"

मी पाणीसुद्धा घेतलं नाही. "अप्पा, चुकलं माझं. ते लोक हसले ना..."

"कशाला हसले गं?" त्यांनी पाना खाली ठेवला. "तीनदा बघितलो. तू काय बोलायलीस काई कळंना. इंग्रजी लई जोरात पळतंय तुझं. मराठीत सांग."

मी शब्दाला शब्द सांगितलं. "मी म्हणाले, माझे वडील बॅटरीला करंटचा हौद म्हणतात. त्यांना चिनीचं एक अक्षर येत नाही. आणि चिनी लोक बॅटरीला खरोखर तेच म्हणतात, वीज आणि तळं. तेव्हा हॉल हसला. कौतुकानं हसला, अप्पा. तुमची टिंगल नव्हती."

अप्पा पुढे झुकले. "म्हंजी हौद बरोबर हाय?"

"बरोबर आहे."

"आपलं? हितं बसून काडलेलं?"

"हो, अप्पा."

त्यांचा चेहरा असा खुलला की मला वाटलं, सुटले मी. त्यांनी फडक्याला हात पुसले, एकदा बाहेर रस्त्याकडे बघून स्वतःशीच हसले. मग सहज विचारलं, "तुला कवा कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. "चिनीच्या पहिल्या वर्षाला," मी म्हटलं. "चार वर्षं झाली."

"चार वर्सं?"

अप्पांनी पाना उचलला आणि तसाच हातात धरून ठेवला. "दर ऐतवारी फोन लावतो मी. जेवलीस का, पाऊस हाय का, हेच इचारतो. मला वाटायचं, पोरगी लई शिकली, आता आपल्यासंगं बोलायला तिच्याकडं काई न्हाई." त्यांचा आवाज चढला नव्हता. "लोकं हसू देत की. पण आदी मला सांगायचं व्हतंस, माय."

कामात होते, विसरले, असलं काहीतरी माझ्या जिभेवर आलं होतं. खरं म्हणजे विसरायलासुद्धा आधी सुचावं लागतं. मला ते एकदाही सुचलं नव्हतं, आणि अप्पांना मी तेवढंच सांगितलं.