मांस अजून शिजायचंय

नुर्झातनं आठ हिवाळे खिंडीत काढून हिमकडे कधी कोसळतात यावर प्रबंध लिहिला होता. आज विद्यापीठात तिची त्या प्रबंधावर तोंडी परीक्षा होती. शेजारच्या खोलीत मोठ्या पातेल्यात घोडीचं मांस रटरटत होतं, कारण परीक्षेनंतर परीक्षकांना जेवू घालायचं ही रीतच.

गेल्या आठवड्यात उलान नावाच्या तिच्या सोबतच्या विद्यार्थ्याला याच मंडळींनी दोन तास प्रश्नांनी पिळून काढलं होतं. नुर्झातचं बोलणं संपलं तसे अध्यक्ष सागिनबेक हसत म्हणाले, "छान! घरदार सांभाळून एवढं केलंस, कौतुक आहे. प्रश्न नाहीत ना कुणाचे? चला, हात धुवा!"

नुर्झात जागची हलली नाही. आठ वर्षं बर्फ तुडवला, आणि यांना एक शंका येऊ नये?

"आगाय," सरांना तिकडे म्हणतात तसं ती म्हणाली, "मांस अजून शिजायचंय."

"अगं, वास तर इथवर आलाय!"

"तो रश्श्याचा. घोडी म्हातारी होती हो. तोवर विचारा की काहीतरी."

"एवढ्या थंडीत नवऱ्यानं जाऊ कसं दिलं?" कोपऱ्यातून एकानं विचारलं.

"ते नवऱ्याला विचारा. पुढचा प्रश्न?"

सगळे खो खो हसले. सागिनबेक वेळ घालवायला पानं चाळू लागले आणि एका पानावर थबकले. "काय गं, वारा सगळीकडे पश्चिमेचाच धरलायस? पूर्वेचा सुटला तर तुझं गणित झोपलंच की!"

नुर्झात खडू घेऊन फळ्याकडे जवळजवळ धावलीच. मग जी जुंपली! सागिनबेक पुसायचे, ती पुन्हा काढायची. मघाशी नवऱ्याची चौकशी करणारासुद्धा मध्ये पडला आणि दोघांकडून बोलणी खाऊन बसला. तिला इतकं बरं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

तिला ताई मानणारी सहकारी बुरुल दारातून डोकावली. "एजे, मांसाचा पार लगदा..."

"राहू दे गं ते मांस!" सागिनबेक खेकसले. "आधी हा वारा मिटू दे!"

अखेर सगळ्यांची मतं तिच्या बाजूनं पडली आणि पानं वाढली. सागिनबेकांनी पहिला घास घेतला, तो न चावताच विरघळला. त्यांनी नुर्झातकडे रोखून पाहिलं.

"म्हातारी घोडी म्हणे!"

नुर्झातनं मान खाली घालून त्यांच्या ताटात आणखी एक तुकडा ठेवला.

"पूर्वेच्या वाऱ्याचं मला अजून पटलेलं नाही," ते पुटपुटले. "उद्या सकाळी ये."

"उद्या मांस नसेल, आगाय."

"फळा असेल ना?"