आरशातली चांदणी

तिने वडिलांच्या हातात पेन्सिल दिली, चांदणी छापलेला कागद टेबलाला चिकटवला आणि वर आडोसा लावला. आता कागद दिसणार होता तो फक्त समोरच्या आरशात.

“आरशात बघून चांदणीच्या दोन रेघांमधून पेन्सिल फिरवायची. दहा वेळा,” तिने सूचना वाचून दाखवली.

“आता आरशाचं मला शिकवणार!” वडील तिच्याकडे न बघता, आत आईला ऐकू जाईल असं म्हणाले. सव्वीस वर्षं ते सलून चालवत होते.

तिने कॉलेजात मानसशास्त्र घेतल्याला चार महिने झाले होते, आणि तेव्हापासून ते तिच्याशी जेवढ्यास तेवढं बोलत. ‘लोकांची मनं ओळखून पोट भरतं का?’ हे त्यांचं शेवटचं लांबलचक वाक्य. उद्या प्रयोगवही द्यायची होती आणि जोडीची मैत्रीण तापाने आडवी झालेली. आई मध्ये पडली म्हणून, नाहीतर ते कसले बसतात! ती मनातून भेदरली होती. आज ते उठून गेले, तर वहीपेक्षा मोठं काहीतरी बिघडणार होतं.

पहिल्याच कोपऱ्यावर पेन्सिल भलतीकडे धावली. वर जायला बघावं तर खाली. डोळे मिटून वस्तरा चालवणारा हात पार गोंधळला. एकेचाळीस चुका.

“तुझा आरसाच वाकडा आहे.”

“नाचता येईना...” आतून आई म्हणाली आणि वेळीच गप्प झाली.

मदत करायची नाही, धीरही द्यायचा नाही, असा नियम. तिने हसू दाबलं आणि “दुसरी वेळ,” एवढंच म्हटलं. चौतीस. मग सव्वीस. सहाव्या वेळी त्यांनी चष्मा पुसला, बाह्या वर सारल्या. दहाव्या वेळी चुका पाच.

शेवटचा रकाना उरला होता: प्रयोग करताना काय वाटलं, ते करणाऱ्याच्याच शब्दांत.

“हेही लिहून घेता?”

“हो बाबा. तुम्ही सांगाल तसंच. मी मध्ये बोलायचं नाही.”

“मग लिही. आधी राग आला. वाटलं, पोरीने फजिती करायला बसवलं. मग वाटलं, या वयात हात नवं शिकतोय, म्हणजे...” ते थांबले, पेन्सिलीचं टोक चाचपत राहिले. “तू हा विषय घेतलास तेव्हा काय वाटलं, तेही सांगितलं तर चालेल?”

रकाना भरत आला होता. तिने मान डोलावली आणि वहीचं कोरं पान काढलं.