सातवी प्रत

अकरा हजार गायी कोणकोणत्या वळूंच्या, ही दूध संस्थेची सारी नोंद भार्गवीनं भाड्याच्या सर्व्हरवर चढवली होती. रोज दुपारी बाराला आपोआप बॅकअप निघायचा. प्रती सातच ठेवायच्या, नवी आली की सगळ्यांत जुनी पुसायची, हा नियमही तिचाच.

जत्रेमुळे ऑफिस सहा दिवस बंद होतं. उघडल्या दिवशी पावणेबाराला शिपाई वैजनाथकाका धावत आले.

“ताई, गायींची यादी कोरी दिसतीया! जत्रंला जाताना सगळं साफ करून गेल्तो, यादी उघडी व्हती तवाच कॉम्प्युटरच्या बटनांवर बी फडकं मारलं...”

“कॉम्प्युटर झाडायला कुणी सांगितलं होतं?” भार्गवी कडाडली. “नशीब, बॅकअप आहे!”

तिनं कालची प्रत उघडली. कोरी. परवाचीही कोरी. रिकाम्या यादीचे बॅकअप रोज इमानेइतबारे निघत होते. सहावी प्रतही कोरी निघाली.

सातवीत मात्र सगळ्या गायी जागच्या जागी होत्या!

“सापडल्या हो, काका!”

काकांनी हात जोडले. तिनं घटाघटा पाणी प्यायलं, घाम पुसला आणि ती प्रत उतरवून घ्यायला हात पुढे केला. तोच मोबाईल वाजला.

‘बॅकअप यशस्वी. जुनी प्रत पुसली.’