अक्काबरोबरचा शेवटचा खेळ

मी हर्षचा गेमिंग कॉम्प्युटर बोलतोय. बेंगळुरूच्या जे. पी. नगरात, त्याच्या घराच्या मधल्या खोलीत माझं टेबल आहे.

माझा एकेक भाग हर्ष आणि त्याची अक्का, म्हणजे थोरली बहीण सुखदा, यांनी चिकपेटच्या पलीकडच्या कॉम्प्युटर-बाजाराच्या गल्ल्यांत हिंडून निवडला. मला जोडलंही दोघांनीच. माझा पंखा पहिल्यांदा फिरला तेव्हा त्यांचे अप्पा मागे उभे राहून हसत होते. पुढे लग्न होऊन अक्का शहराच्या दुसऱ्या भागात, बेळ्ळंदूरला गेली. तिथे तिनं स्वतःचा कॉम्प्युटर घेतला आणि रविवारी दुपारी दोघं इंटरनेटवरून एका संघात खेळू लागली.

मग अप्पा आजारी पडले. डॉक्टरांनी आशा सोडली तेव्हा हर्ष कामासाठी परगावी होता. अप्पांना जगवणाऱ्या नळ्या काढायच्या कागदावर अक्कानं एकटीनं सही केली. तो पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. दहाव्याला, सगळ्यांदेखत, तो तिला म्हणाला, "अप्पांना तूच घालवलंस." हे मला त्याच्या बायकोच्या, संपदाच्या बोलण्यातून कळलं. तेव्हापासून भावाबहिणीचं बोलणं बंद.

काही महिन्यांनी एका रविवारी खेळात अक्काचं नाव दिसलं. माउसवरचा हर्षचा हात थांबला. मग तो तिच्या संघात गेला. दोघांचेही माइक बंद. तो घायाळ होऊन पडला की ती गोळीबारातून धावत येऊन त्याला उठवायची. पुढे दर रविवारी हेच. माणसं अशी का वागतात, मला उमगत नाही.

एव्हाना माझं वय झालं. माझ्यातल्या ऑपरेटिंग सिस्टीमला सुरक्षेची अपडेट मिळेनाशी झाली आणि नवी आवृत्ती मला पेलेना. हर्षची नोकरी गेली होती. घरून मिळतील ती कामं तो माझ्यावरच करायचा. एके दिवशी माझ्यात कुठून तरी व्हायरस शिरला आणि कामं देणाऱ्यांना त्याच्या नावानं भलतेच मेल गेले. एकानं त्याला कामावरून काढलं.

त्याचा मित्र महांतेश यातला जाणकार. त्यानं जुन्या सिस्टीमऐवजी लिनक्स सुचवलं: फुकट, सुरक्षित, माझ्यासारख्या जुन्यालाही हलकं. पेन ड्राइव्हवरून चालवून दाखवलं तेव्हा मला खरंच तरतरी आली. बरेचसे खेळही सुरळीत चालले. अक्काबरोबरचा तो एक मात्र उघडेना. फसवेगिरी रोखायला त्या खेळात जो पहारा बसवलाय, तो लिनक्सला आत घेत नाही.

दोन्ही सिस्टीम ठेवता येतील का, असं हर्षनं विचारलं. महांतेश म्हणाला, ठेवता येतील, पण जुनी इंटरनेटवर गेली की धोका तोच. "स्वल्प, जरा विचार कर," एवढं बोलून तो गेला.

हर्षनं बरेच दिवस काहीच केलं नाही. "अक्काला सरळ फोन कर," असं संपदानं सांगितलं, तर तो तिच्यावरच चिडला. आठवडाभरात त्याच्या नावानं पुन्हा मेल गेले. आता पर्याय उरला नव्हता.

त्या रविवारी तो खेळायला बसला आणि मधेच त्यानं माइक चालू केला.

"अक्का, पुढच्या रविवारपासून मला इथे येता येणार नाही." त्यानं कारणही सांगितलं, अडखळत.

पडद्यावर अक्का होती तिथेच उभी राहिली. कुणीतरी तिला गोळी घातली, तरी हलली नाही. मग मी तिचा आवाज ऐकला, कितीतरी महिन्यांनी पहिल्यांदाच.

"मग आपण भेटायचं कुठे, हर्षा?"

तिचं नाव पडद्यावरून गेलं. संध्याकाळी महांतेशनं माझी जुनी सिस्टीम पुसली.

आता मी ठणठणीत आहे. हर्षला कामं मिळू लागलीत. पण रविवार आला की तो माझ्यासमोर नुसता बसून राहायचा.

आज मात्र तो लवकर उठला. "बेळ्ळंदूरला जाऊन येतो," असं त्यानं संपदाला सांगितलं. काय बोलणार, तिनं विचारलं. तो म्हणाला, "माहीत नाही. दहाव्याला बोललो ते चुकलं, एवढं तरी सांगतो." मला चालूच ठेवून तो निघाला.

सुखदाअक्का, मला जोडणाऱ्या हातांत तुझेही हात होते, म्हणून हक्कानं मागतोय. तो दारात आला, तर त्याला आत घे.