खाऊ ओळखायचा राहिला

“बाई, खाऊ ओळखायचा राहिला ना?”

ऋतिकाने थेट माइकवरच विचारलं. गाणी संपली होती, टाळ्या झाल्या होत्या, आता मुलींनी नमस्कार करून स्टेजवरून उतरायचं एवढंच उरलं होतं. मागे मोनाली तोंडावर पदर धरून खुदखुदत होती. पहूरहून जळगावला येताना एसटीत तिनेच डिवचलं होतं, “परीक्षकबाईला विचारून दाखव, मग तुले मानू!”

शाळेच्या गाण्याच्या मॅडम विंगेतून डोळे वटारत होत्या. ऋतिकाला हसू यायला हवं होतं. पण प्रश्न तोंडातून बाहेर पडला आणि तिला तो खराच वाटला.

गल्लीत भुलाबाईची गाणी म्हणजे सगळी घाई. भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी मुली घरोघर जायच्या, मातीच्या भुलाबाईपुढे गाणी म्हणायच्या. मग घरची बाई झाकलेला डबा कानाशी आणून खुळखुळवायची. खाऊ ओळखेपर्यंत मिळायचा नाही. शेवटचं गाणं त्यामुळे नेहमी धावतच सुटायचं. आज तीच गाणी संथ, एका पट्टीत, पेटीच्या सुरावर झाली होती. छान झाली होती. इतकी छान, की पाहुण्यांपुढे नीट मांडी घालून बसलेल्या भावंडांसारखी.

यंदा तिची दहावी. संध्याकाळी शिकवणी, म्हणून घरोघर जाणं बंद. स्पर्धेला घरून होकार मिळाला तो प्रमाणपत्रापायी. तिनेही वाद घातला नव्हता. गाणी तीच, वर स्टेज, माइक, नऊवारी. मग कमी काय होतं?

तिसऱ्या रांगेत तिची आई, कुंदाबाई, मोबाइल उंच धरून बसली होती. भाकरी थापताना हीच बाई ओळीला ओळ जोडते, आणि इथे ओठ गच्च मिटलेले. गाताना ऋतिकाचं लक्ष पुन्हा पुन्हा त्या ओठांकडे जात होतं.

पांढऱ्या केसांच्या परीक्षकबाईंनी चष्मा काढला. मग त्यांनी पायाशी ठेवलेल्या पिशवीतून आपला जेवणाचा डबा काढला, वर उचलला आणि हलवला.

“ओळखा.”

मग मोनाली ओरडली, “गोड का तिखट?”

“दोन्ही नाही.”

“शेंगदाणे!”

“फुटाणे!”

“अगं, वाजून नाही राह्यलं ते!” मागच्या रांगेतून एक आजी खेकसल्या. “धपधप करू राह्यलं. कान आहेत का भोपळे?”

सभागृहात एकच गलका झाला. आणि त्या गलक्यावरून एक आवाज आला.

“बट्टी! तळेल बट्टी आहे!”

कुंदाबाई उभी राहिली होती. मोबाइलचा हात खाली लोंबत होता.

परीक्षकबाईंनी झाकण उघडलं. कणकेच्या तळलेल्या बट्टीचे तुकडे मुलींच्या हातावर पडले आणि कोणी न सांगता निरोपाचं गाणं सुरू झालं. पेटीवाल्याला पट्टी सापडेना, ऋतिकाचा आवाज वरच्या ओळीत फाटला, वेळ संपल्याची घंटा दोनदा वाजली. खाली बायका टाळ्यांवर ठेका धरून गात होत्या.

त्यांना उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. नियम मोडल्याचे गुण कापले, असं मॅडमनी तोंड वाकडं करून सांगितलं.

मायलेकी घरी पोचल्या तेव्हा ऋतिकाचे वडील, जीवराम, फवारणी करून आले होते आणि ओट्यावर पाय पसरून बसले होते. त्यांनी प्रमाणपत्र पाहिलं, “बरं झालं” म्हणाले आणि कुंदाबाईचा मोबाइल मागून घेतला. संथ गाणी सुरू झाली. थोडा वेळ पाहून त्यांनी अंगठ्याने व्हिडिओ पुढे ढकलला. मग पडद्यावर नुसती फरशी, कोणाच्या तरी चपला आणि कुंदाबाईचा कान फाडणारा आवाज. जीवरामांच्या मिशा हलल्या. त्यांनी तो तुकडा पुन्हा लावला.

“बंद करा ना ते,” कुंदाबाई लाजून म्हणाली. “काही दिसत बी नाही त्याच्यात.”

“ऐकू दे.”

तिसऱ्यांदा लावला, तेव्हा निरोपाच्या गाण्यात आईचा आवाज सगळ्यांच्या पुढे धावत होता. ऋतिकाने कान दिला. तो आवाज बाईचा वाटतच नव्हता. कोणत्या तरी गल्लीतल्या, भूक लागलेल्या मुलीचा वाटत होता.

“आई, तू शेवटची कधी फिरली भुलाबाईत?”

“लग्नाआधी. मंग कोन फिरते?” कुंदाबाईने मोबाइल परत घेऊन पदराने पुसला. “चाल, दप्तर भर. सकाळी शाळा आहे, संध्याकाळी शिकवणी.”

पलीकडच्या ओट्यावर लहान मुलींचं गाणं सुरू झालं होतं, तीन-चारच आवाज, मधेच अडखळणारे. ऋतिका उठली नाही. तिने आधी वडिलांकडे पाहिलं, मग आईकडे.

“कोजागिरीपर्यंत मी शिकवणीले जानार नाही. सरांना मीच सांगते. अभ्यास पहाटे करीन, पप्पा, पाहिजे तर तुम्ही उठवा,” ती म्हणाली. “आन् आई, उद्यापासून तू बी माह्यासंगं फिरायचं.”