हॉर्न न वाजणारा थांबा

ड्रायव्हरने हॉर्नवर तळहात दाबला तो उचललाच नाही. पोस्टासमोरचा थांबा आला, गेला, तरी बस आपली केकाटतच राहिली. थांब्यावर ढोल बडवणाऱ्यांनी हात उंचावून तिला दाद दिली. मागच्या सीटवरून शिट्ट्या आल्या. कंडक्टरबाईंच्या हातातलं तिकीट हातातच राहिलं.

"अहो, हे काय करताय?" त्या धडपडत पुढे आल्या.

"वहिनी, मेला तो! सीमेपलीकडे लपला होता ना, तिथेच टिपला!" ड्रायव्हरचे डोळे डबडबले होते. "आज नाही वाजवायचा, तर कधी?"

त्या मेलेल्या माणसाच्या हुकमावरूनच या थांब्यावर बसमध्ये बॉम्ब फुटला होता आणि ती बस चालवणारा कंडक्टरबाईंचा नवरा त्यात गेला होता. नंतर त्याच्या जागी त्यांना नोकरी मिळाली, चौकात भाषणं झाली आणि सगळे आपापल्या कामाला लागले. नगरपालिकेने कबूल केलेला स्मारकाचा दगड अजून बसायचाच आहे. राहिला तो डेपोतल्या ड्रायव्हरांनी आपण होऊन पाळलेला एक रिवाज: या थांब्यावर हॉर्न वाजवायचा नाही. मग समोर कुत्रं आडवं येवो, नाहीतर मंत्र्याची गाडी. हा रिवाज सुरू केला तो याच ड्रायव्हरने, नवऱ्याच्या जिवलग दोस्ताने. आणि आज मोडलाही त्यानेच.

बसमध्ये एव्हाना सभा भरली होती.

"गोळीवर सुटला लेकाचा. हाल हाल करून मारायला हवा होता," दाराजवळचा दुकानदार म्हणाला.

"कुणाच्याही मरणाचा असा जल्लोष आपल्याला शोभत नाही," समोरच्या प्राध्यापकबाईंनी पुस्तक मिटलं. "त्यालाही आई असेलच ना!"

"तुमच्या घरातलं कुणी गेलं का, बाई? नाही ना? मग गप्प बसा."

"आणि तुमच्या घरातलं?"

दुकानदाराने उत्तर देण्याऐवजी कंडक्टरबाईंकडे बोट केलं. "यांचे गेलेत, यांना विचारा. सांगा ताई, काळजाला थंडावा मिळाला की नाही?"

सगळ्या माना वळल्या. क्षमेबद्दल काहीतरी चांगलं ऐकायला मिळेल म्हणून प्राध्यापकबाईही आशेने बघू लागल्या.

कंडक्टरबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सकाळी बातमी ऐकून त्या "बरं झालं मेला," एवढंच म्हणाल्या होत्या आणि गॅस बंद करून डबा भरायला लागल्या होत्या. बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोला? पण ते त्यांचं त्यांच्यापाशी. या दोघांच्या भांडणात त्याला साक्षीला का म्हणून उभं करायचं? इतकी वर्षं ही माणसं याच बसने जातायत, कधी एकाने तरी विचारलं होतं का, बाई, तुम्हाला झोप लागते का म्हणून?

"तुमचं तिकीट झालं का?" त्यांनी दुकानदाराला विचारलं. "नसेल तर घ्या. माझ्या काळजाचं मी बघते."

परतीच्या फेरीला पोस्टासमोर रस्ताच उरला नव्हता. फटाके, धूर आणि त्यात नाच. ड्रायव्हरचा हात हॉर्नकडे गेला, पण आरशात बाईंचा चेहरा दिसताच त्याने तो मागे घेतला.

"वहिनी, सकाळी चुकलं माझं. पण आता वाजवल्याशिवाय हे हटायचे नाहीत हो."

"हटतील," म्हणत त्या खाली उतरल्या.

कुणीतरी मिठाई त्यांच्या तोंडाशी आणली. "घ्या मावशी, आनंदाचा दिवस!"

"माझा नवरा गेला या जागेवर. नाचायला दुसरी जागा बघा."

तो ओशाळून मागे झाला. पण ढोलाच्या दणदणाटात त्याच्या शेजाऱ्यालाही काही ऐकू गेलं नाही. आता प्रत्येकाला कुठे सांगत बसणार? बाईंनी पिशवी पोटाशी ओढली आणि बसमध्ये रोज ओरडतात तसा आवाज लावला.

"चला, पुढे सरका! पुढे जागा आहे, पुढे सरका!"

लोक सवयीने सरकले. मागून बस मुक्यानेच, पावलापावलाने येत राहिली. थांब्यापाशी फटाक्यांचा कचरा अजून धुमसत होता. बाईंनी हात वर केला, बस थांबली. त्यांनी वाकून हातानेच तो कचरा बाजूला केला, तळवे पदराला पुसले.

मग त्या वर चढल्या आणि दोनदा घंटी मारली.