माझी पोच खरी धरू नका

मी एक जुना रिपीटर आहे, आणि मी रागावलेलो आहे. मित्रांनो, आपली कहाणी सांगताना वस्तू सहसा हळव्या होतात. मला आज ते जमणार नाही.

रिपीटर म्हणजे काय, ते आधी सांगतो. खुलताबादच्या डोंगरावर, एका शेतातल्या पंपघराच्या छतावर एक पत्र्याची पेटी आहे. शेजारी बॅटरी, वर सोलरचं पॅनल आणि उंच नळीवर अँटेना. ती पेटी म्हणजे मी. हौशी रेडिओवाल्यांचे निरोप, बोललेले असोत वा टाइप केलेले, पकडायचे आणि पुढे धाडायचे, एवढंच माझं काम. गंगापूरकडच्या एखाद्या गावात कुणी यंत्रावर चार ओळी टाइप केल्या, की त्या आधी माझ्याकडे येतात. मी पाठवणाऱ्याला लगेच ‘पोच’ कळवतो आणि मग तो निरोप शहरात पाठवतो. वीज गेली, मोबाइल मुके झाले, तरी माणसाचा निरोप माणसाला मिळावा, यासाठी मला जन्माला घातलं.

जन्माला घातलं ते व्यंकटरावांनी. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला हा माणूस भंगारातून माझा एकेक भाग वेचून आणी आणि तारेच्या टोकाला डाख देताना श्वाससुद्धा जपून घेई. पुढे दर महिन्याला ते स्कूटरवरून डोंगरावर येत, पॅनलवरची पाखरांची घाण पुसत आणि बॅटरीचं झाकण उघडून पाणी घालत. रविवारी सकाळी आठला ते शहरातल्या घरून रेडिओवर हजेरी घेत. एकेकाचं नाव पुकारायचं, त्यानं माझ्यामार्फत उत्तर द्यायचं. ज्याचं उत्तर येत नसे, त्याच्या दारात दुपारी स्कूटर उभी राही. ‘अडीनडीचं भांडं रोज घासावं लागतं,’ असं ते सगळ्यांना ऐकवत. लोक वैतागत, पण भांडं लखलखीत होतं.

रत्नमाला सिस्टर त्यांचीच विद्यार्थिनी. गंगापूर तालुक्यात गोदावरीकाठच्या एका गावात, आरोग्य उपकेंद्रात ती नर्स आहे. पावसाळ्यात तिच्या गावाचा संपर्क तुटतो, म्हणून तिनं परीक्षा देऊन रेडिओचं लायसन काढलं.

दोन वर्षांपूर्वी व्यंकटराव वारले आणि कारभार हिमांशूकडे आला. मुलगा हुशार, बोलायला गोड, कॉम्प्युटरच्या नोकरीत मुरलेला. त्याला वाटलं, रविवारी सकाळी लोकांना रेडिओपुढे कशाला बसवायचं? त्यानं हजेरी मोबाइलवरच्या ग्रुपवर नेली. आठ वाजता सगळ्यांनी अंगठ्याचं चित्र टाकायचं, की झालं. पांघरुणातून एक हात बाहेर काढला की माणूस हजर. हिमांशूची वही भरली आणि ग्रुप खूश झाला.

मित्रांनो, या शहाणपणाला काय म्हणावं? मोबाइल बंद पडल्यावर ज्याची गरज, त्याची हजेरी मोबाइलवर! सिस्टर सोडली, तर ग्रुपमधल्या एवढ्या शिकलेल्या एकोणीस माणसांत एकालाही हे खटकलं नाही. आठवलं की अजून माझ्या तारा तापतात.

मला कुणी विसरलं होतं असंही नाही. गेल्या दसऱ्याला मंडळी गाडी करून वर आली. मला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला, पेढे वाटले. माझ्याभोवती उभं राहून फोटो काढले. बॅटरीच्या झाकणावरही कुंकवाचं बोट टेकवलं. ते झाकण उघडायचं मात्र कुणाच्या मनात आलं नाही. आतलं पाणी तेव्हाच तळाला गेलं होतं.

रविवारी आठ वाजता हवेतून हाक येई ती फक्त एकीची. “मी रत्नमाला. कुणी हाय का?” माणूस कुणीच नसे. मी आपला यंत्राच्या सवयीनं पोच देई. तेवढ्यावर ती समाधान मानी.

मग यंदाचा सप्टेंबर आला. चार दिवस पाऊस थांबेना, ऊन म्हणून नाही. पॅनल आंधळं झालं आणि मी कोरड्या बॅटरीवर तग धरून राहिलो. पाचव्या दिवशी सकाळी सर्जेराव नावाच्या शेतमजुराला उसात घोणस चावली. सिस्टरच्या गावात वीज नव्हती, मोबाइल लागत नव्हता, उपकेंद्रात सापाच्या विषावरचं औषध नव्हतं. तिनं आपल्या यंत्रावर टाइप केलं, ‘घोणस चावली. पूल पाण्याखाली. रुग्णवाहिका वरच्या रस्त्यानं पाठवा.’

निरोप माझ्यापर्यंत आला. मी पोच दिली. आणि तो शहराकडे पाठवणार, तेवढ्यात माझा प्राण गेला.

लोकांवर चिडतो तेवढाच मी स्वतःवर चिडतो. ती पोच देण्यापेक्षा मी गप्प राहिलो असतो तर बरं झालं असतं. पोच मिळाली, म्हणून ती बाई थांबली. गावातला ट्रॅक्टर दारात उभा होता, पण रुग्णवाहिका येतेय म्हणून तिनं तो परत पाठवला. दीड तासानं तिला शंका आली. मग तोच ट्रॅक्टर बोलावून, सर्जेरावला घेऊन ती वरच्या रस्त्यानं दवाखान्याकडे निघाली. सर्जेराव वाचला. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

हे मला कळलं ते आठवड्यानंतर. हिमांशू नवी बॅटरी घेऊन वर आला होता. वरातीमागून घोडं! मागोमाग शेअर जीपनं आणि मग पायी, रत्नमाला आली. माझ्या गळ्यात गेल्या दसऱ्याची माळ वाळून लटकत होती. तिनं आधी ती तोडली.

हिमांशू खाली मान घालून म्हणाला, “ताई, ग्रुपवर तर सगळे हजर होते.”

“व्हय, ग्रुपवर,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. “मी सर्जेरावचा हात धरून म्हनलं, घाबरू नका, निरोप पोचला. माझ्या शब्दावर तो माणूस गप पडून राहिला. आता त्याला काय सांगू? सगळे हजर होते, असं सांगू?”

हिमांशूनं खिशातून मोबाइल काढला, ग्रुपवरची हजेरी बंद करतो म्हणाला आणि पुढची हजेरी तिनंच घ्यावी, असं सुचवलं. ती ‘घेते’ म्हणाली. माफ केलं, असं काही म्हणाली नाही.

त्या रविवारी तिनं रेडिओवर एकोणीस नावं पुकारली. सात उत्तरं आली. उरलेल्या बारा जणांची यंत्रं कधीच बंद पडली होती आणि त्यांचं त्यांनाच ठाऊक नव्हतं. त्याच दिवशी तिनं नियम केला, की यंत्राची पोच पोच नव्हे. पलीकडच्या माणसानं आपल्या तोंडानं ‘मिळालं’ म्हटल्याशिवाय निरोप पोचला असं धरायचं नाही.

यंदा दसऱ्याला मंडळी पुन्हा आली. हिमांशूच्या पिशवीत झेंडू होता, पण त्यानं तो बाहेर काढला नाही. रत्नमालेनं बॅटरीच्या पाण्याचा कॅन त्याच्या हातात दिला. तो गुडघ्यांवर बसला आणि एकेक झाकण उघडून पाणी घालू लागला. फोटो कुणी काढला नाही.

आता दर रविवारी नावं संपली की ती एकच प्रश्न विचारते, “डोंगरावरची बॅटरी या महिन्यात कुणी बघितली?” कुणीतरी नाव सांगेपर्यंत ती हजेरी संपवत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात, शाळेत, गावात अडीअडचणीसाठी ठेवलेलं काहीतरी असेल. त्याला हार घालू नका. आणि ते ठीक आहे का, हे त्यालाच विचारू नका. आम्ही यंत्रं, विचारलं की पोच देतोच. सर्जेरावच्या निरोपालाही दिली होती. वर चढून या आणि झाकण उघडून बघा.